अमेरिकन म्हणून वाजवलेलं

माझ्या वयाची, आमच्या भागातली जी थोडी माणसं उरली आहेत, त्यांतलं कुणी एसटी स्टँडवर किंवा एखाद्या लग्नात भेटलं की हमखास विचारतं, "ते अमेरिकन वाजवता का हो अजून?" मी नाही म्हणतो. दात गेले, दम राहिला नाही, असं काहीतरी सांगतो. तेही खरंच आहे. पण ते अमेरिकन नव्हतं, हे मी कधी सांगितलं नाही. आता सांगायला हवं. जिच्यासाठी सांगायचं ती गेली, जिच्यामुळं सांगितलं नाही तीही गेली, आणि मी किती दिवस आहे कुणास ठाऊक.

आमचं गाव कळंब तालुक्यात, येरमाळ्यापासून सायकलवर जाण्याइतकं जवळ. वडील आणि चुलते वाटणी होऊन वेगळे झाले होते, पण दोन घरांत भिंत एकच होती. इकडं लसूण ठेचला तर तिकडं ऐकू जायचा. चुलत्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मूल वाचलं. ते पोर रांगत असताना त्यांनी दुसरं लग्न केलं. ती माझी काकू. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्या पोराला तिनंच वाढवलं. तो तिला माय म्हणायचा आणि मोठा झाल्यावरही तिच्या ताटातली भाकरी ओढून खायचा. गावाच्या लेखी मात्र ती सावत्रच होती. पोरगं तापानं फणफणलं तरी बाया म्हणायच्या, लक्ष दिलं नसंल.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या एका वर्षी पाऊस कमी पडला. चुलत्यांनी विहीर खोल करायला काढली. एक सुरुंग उडाला नाही. माझा चुलतभाऊ तो बघायला खाली उतरला आणि तेव्हा सुरुंग उडाला. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्याकडं बाया नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्याला हाक मारायची, त्याचं काय काय आठवतं ते सुरात सांगायचं, श्वास संपेपर्यंत ओढायचं, मग श्वास घेऊन पुढचं कडवं. बाकीच्या बाया ऐकतात, मध्येच गळा मिळवतात. कोण किती रडलं, कुणाच्या रडण्यात जीव होता, याची पाणवठ्यावर नंतर कितीतरी दिवस चर्चा होते. त्या दिवशी भावाला अंगणात ठेवलं आणि काकू त्याच्या पायाशी बसली. तिनं हाक मारली, "माज्या राजाऽऽ". सूर लांबला, संपला, आणि ती पुढच्या हाकेसाठी श्वास घेत होती. तेवढ्या शांततेत माझ्या पाठीमागून आवाज आला, "बघा, झालं सोंग सुरू."

हलक्या आवाजात म्हटलेलं होतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. काकूलाही. तिचा श्वास आत गेला तो गेलाच, बाहेर काही आलं नाही. ती तोंडाला पदर लावून बसली, आणि मढं उचलून नेईपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग त्याच बाया म्हणायला लागल्या, "बघितलं का? टिपूस न्हाय डोळ्यात. सावत्र ती सावत्रच."

ते वाक्य बोलली ती माझी आई. आई वाईट नव्हती. जावाजावांत कसला तरी जुना राग होता, बांधाचा किंवा चुलीचा, मला नीट माहीत नाही. पण बोलली तीच.

तेराव्यानंतर मी आमच्या ज्वारीत पाखरं राखायला जात होतो. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, नोकरी नव्हती. कणसं दुधात आलेली. चार मेढींवरच्या उंच माळ्यावर गोफण घेऊन बसलं की चुलत्यांचंही रान दिसायचं. दुपारी काकू त्यांच्या ज्वारीत शिरायची. वरून नुसती ताटं हलताना दिसायची आणि मग ती थांबायची. मग तिचं रडणं ऐकू यायचं. ज्वारीत माणूस बसलं की दिसत नाही, आणि काकूला वाटत असावं की ऐकूही जात नाही. ती मोठ्यानं रडत नव्हती. हाक खालून वर जायची, वर टिकायची नाही, वाकून परत खाली यायची, आणि शेवटी एक हुंदका आत ओढला जायचा. तो आत ओढलेला हुंदका बाहेरच्या रडण्यापेक्षा जास्त ऐकू यायचा. पाखरं ज्वारीवर उतरली तरी मी गोफण फिरवली नाही. कणसं काढून होईपर्यंत ती येत राहिली. मी खाली उतरलो नाही, आणि घरी कुणाला बोललो नाही.

पुढं मला कळंबच्या ब्लॉक ऑफिसात, म्हणजे विकास गटाच्या कचेरीत, कारकुनाची जागा मिळाली. काही वर्षांनी आमच्या ब्लॉकमध्ये अमेरिकेहून एक पोरगा आला, कोंबडीपालन शिकवायला. उंच, उन्हानं लाल झालेला, पायजमा घोट्याच्या वर. त्याला प्रशिक्षणात मराठी शिकवून पाठवलं होतं, त्यामुळं तो कोंबडीलाही "आपण" म्हणायचा. लोक त्याला कोंबडीसाहेब म्हणत. येरमाळ्याजवळ त्याच्या पांढऱ्या विलायती कोंबड्यांचं शेड होतं आणि कागदपत्रांसाठी मला आठवड्यातून दोनतीनदा तिथं जावं लागे.

त्याच्या खिशात दहा भोकांचा एक छोटा माउथ ऑर्गन असायचा. आमच्याकडं यात्रेत मिळायचे ते बाजे पोरं फुंकून वाजवत. हा उलटा, श्वास आत ओढून वाजवायचा. ओढता ओढता जीभ मागं घेतली की सूर खाली वाकायचा. मी पहिल्यांदा ऐकलं आणि हातातली फाइल तशीच राहिली. "याला ब्लूज म्हणतात," तो म्हणाला. त्याच्या देशात कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांचं हे गाणं. "दुःखाचं आहे. पण रडत नाहीत, वाजवतात."

सूर वाकवायला मला कितीतरी महिने लागले. ओठ सोलून निघाले. शेडवरचा गडी म्हणायचा, "क्लार्कसाहेब, तुमच्या बाज्यानं कोंबड्या अंडी घालंनात. वरच्या हापिसाला काय लिवायचं, बाजा वाजला म्हून?" त्या गोऱ्या पोराची गाणी मी जशीच्या तशी उतरवायचा प्रयत्न करायचो आणि ती माझ्या तोंडात उसनी वाटायची. एकदा तो वैतागून म्हणाला, "माझं नको. आपलं वाजवा." आपलं म्हणजे काय, असं मी विचारणार होतो. पण श्वास आत ओढला, सूर वाकला, आणि तो जिथं जाऊन थांबला तिथं काकूचा हुंदका होता. मी ठरवून काही केलं नाही. माझ्या छातीत ते तेवढी वर्षं जसंच्या तसं होतं.

वाजवून झाल्यावर तो पोरगा उठून आत गेला. मग त्यानं दुसरा, नवा माउथ ऑर्गन ट्रंकेतून काढून मला दिला.

त्या वर्षी चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेत आमच्या ब्लॉकनं शेतीचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. सुधारित बियाणं, फवारणीचे पंप, कोंबड्या, आणि संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम. विस्तार अधिकाऱ्यांनी शेडवर येऊन माझं ऐकलं होतं. "तुम्ही वाजवायचंच," ते म्हणाले. "जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. ब्लॉकमधला माणूस अमेरिकन वाजवतोय म्हटल्यावर काय छाप पडेल!"

मी विचार करून सांगतो म्हणालो. लोकांपुढं वाजवण्याची मला फार इच्छा होती, हे कबूल करतो. कारकुनाला टाळी कुठली मिळायला? पण यात्रेला आमचं सगळं गाव येणार. काकू येणार. मी वाजवायला लागलो की ती ओळखेल, असं वाटायचं, आणि मग वाटायचं, कशी ओळखेल, स्वतःचं रडणं कुणाला ऐकू येतं?

सुट्टीच्या दिवशी मी रानातल्या खोपीत सराव करत होतो. ज्वारी काढून झाली होती, रान मोकळं होतं. वाजवताना मान वर केली तर काकू दारात उभी. डोक्यावर कडब्याची पेंढी. मी थांबलो.

"वाजव," ती म्हणाली.

मी वाजवलं. तिनं पेंढी खाली ठेवली नाही. शेवटापर्यंत ऐकून म्हणाली, "मधी दम घेतलास तू. म्या न्हवता घेतला थितं."

मी म्हणालो, "काकू, मी माळ्यावर होतो."

"ठावं हाय. गोफण बंद असायची तुजी." मग तिनं विचारलं, "हे कुठं वाजवणार हायस?"

मी यात्रेचं सांगितलं, आणि वर म्हणालो, तुला नको असेल तर नाही वाजवणार. ते मी मनापासून म्हटलं होतं. ती नको म्हणाली असती तर माझ्यावरचं ओझं उतरलं असतं.

"वाजव की," ती म्हणाली. "पर वाजवायच्या आदी सांगायचं. माज्या काकूचं रडणं हाय हे. तिच्या लेकासाठी रडली व्हती ती, आमच्या शिवारात. येवढंच. सावत्र म्हनायचं न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

"समद्या बाया असतील थितं. तुजी माय बी असंल." एवढं बोलून ती पेंढी सावरून गेली. आईचं नाव तिनं रागानं घेतलं नव्हतं. ती तिथं असेल, एवढंच ती सांगत होती.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते सायकलवरचे. येरमाळ्याच्या चढावर मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचो. रस्त्यावर कुणी नसलं की नीट यायचं. पण म्हणताना डोळ्यांपुढं आई यायची. आईनं माझा सदरा सोड्यानं धुऊन ठेवला होता. पाणवठ्यावर सांगून आली होती की माझा पोरगा साहेबांपुढं वाजवणार हाय. ते वाक्य स्टेजवरून म्हटलं की आमच्या गावातल्या प्रत्येक बाईची मान आईकडं वळणार, कारण सोंग हा शब्द कुणी उच्चारला ते सगळ्यांना आठवत होतं. त्यांच्यापैकी निम्म्या त्या शब्दाला हसल्या होत्या. पण वळल्या असत्या आईकडंच.

मध्येच वाटायचं, आजारी पडावं. मध्येच वाटायचं, एखादं सिनेमाचं गाणं वाजवून मोकळं व्हावं. विस्तार अधिकाऱ्यांकडं नाही म्हणायला गेलोही, तर त्यांनी छापलेला कार्यक्रम दाखवला. त्यात माझ्या नावापुढं "अमेरिकन ब्लूज" असं होतं. मी तो कागद हातात घेऊन उभा राहिलो आणि मला बरं वाटलं, हे मला अजून आठवतं. माझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच खोटं लिहून ठेवलं होतं.

यात्रेच्या दिवशी देवीची पालखी आमराईत आली. यात्रेच्या रिवाजाप्रमाणं बाया रानात पसरून देवीसाठी चुनखडी वेचत होत्या. आई आणि काकू बरोबरच होत्या. दोघींच्या पदरात चुन्याचे खडे बांधलेले. संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्या, खुर्च्यांवर साहेब लोक बसले, त्यांच्या मागं सतरंज्यांवर गाव. विस्तार अधिकाऱ्यांनी माईकवरून सांगितलं, "आता आपल्या ब्लॉकचे कर्मचारी अमेरिकन संगीत सादर करतील."

मी माईकपुढं आलो. वाक्य तोंडाशी होतं. बायांच्या सतरंजीवर पुढं आई बसली होती, तिच्या शेजारी काकू. आई माझ्याकडं बोट करून कुणाला तरी दाखवत होती. काकू नुसती बसली होती, पाठ ताठ. मी खाकरलो. लोक शांत झाले. काकूनं मान थोडी पुढं केली.

तोंडात बाजा असला की माणसाला बोलता येत नाही. ती सोय मी त्या दिवशी वापरली.

वाजलं मात्र कधी नव्हे इतकं चांगलं. तिनं सांगितलेल्या जागी मी दम घेतला नाही. पोरं गप्प झाली, पाळण्याकडचा गोंगाटही लांब गेल्यासारखा वाटला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. ज्या बायांनी टिपूस मोजले होते त्या रडत होत्या. आई रडत होती. काकू रडत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आता बाजा खाली घेईल, आता सांगेल.

टाळ्या थांबल्यावर मोठे साहेब उठले. गोरा पोरगा पहिल्या रांगेतच बसला होता. साहेबांनी त्याला विचारलं, "हे तुमच्या देशातलं गाणं?"

तो उभा राहिला आणि त्याच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "नाही. मी नाही शिकवलं. हे यांचं आहे. यांना विचारा."

सगळे माझ्याकडं वळले. माईक समोर होता. न मागता मला दुसरी संधी मिळाली होती.

"या अमेरिकन साहेबांचंच आहे," मी म्हणालो. "थोडं बदललंय."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, कारकून लई विनयशील हाय. गोरा पोरगा माझ्याकडं बघत खाली बसला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि पुढच्या वर्षी मुदत संपली तेव्हा निघून गेला.

आम्ही ती रात्र आमराईत काढली आणि सकाळी गाडीत बसून गावाकडं निघालो. आई अजून कौतुकात होती. "काय वाजवलंस रं! काळजात गेलं माज्या. काय गं, व्हय का न्हाय?" तिनं काकूला कोपरानं ढोसलं.

काकू पदरातले चुनखडीचे खडे बोटांनी चाचपत होती. ती म्हणाली, "गोऱ्याचं हाय ते. त्येंच्याबी देशात बाया रडत असतील."

मला ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि नंतरही कधी नाही. जेवायला बोलवायची, पोराबाळांची चौकशी करायची. तिनं बोलणं टाकलं असतं तर मी पाया पडलो असतो. तिनं तेवढीही जागा ठेवली नाही.

मी वाजवणं सोडलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मी सोडलं नाही. बदल्यांचे निरोप समारंभ, गणपती, उस्मानाबादेत साहेबांच्या मुलीचं लग्न, सगळीकडं मला बोलावणं यायचं आणि सगळीकडं मी तेच वाजवलं. आधी सांगायचो, हे अमेरिकन आहे. हळूहळू ते म्हणायला काही वाटेनासं झालं.

काकू गेली तेव्हा मी पेन्शनीत होतो. आई तोवर पाठीत वाकली होती, तरी भिंतीला धरून गेली आणि जावेच्या उशाशी बसून तिनं रीतसर हेल काढला. बाहेर दगडावर आम्ही पुरुष बसलो होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई कष्टाची व्हती. येक सोडलं तर. लेकराला रडली न्हाय ती." माझ्या बाजूला माझे पुतणे, गावातली तरणी पोरं, सगळी ऐकत होती. मी म्हणालो, "गवऱ्या आल्या का बघा रे."

आईच्या शेवटच्या आजारात तिनं एकदा मला ते गोऱ्याचं वाजवायला लावलं. माझे दात पडायला लागले होते, सूर फुटत होता. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "कुटं ऐकलंय रं म्या हे आदी?"

"यात्रेत," मी म्हणालो.

"त्येच्या बी आदी," ती म्हणाली. मी बाजा पुसून डबीत ठेवला.

हे वाचून आमच्या गावात कुणाला माझ्या आईचा राग आला तर तो माझ्याकडं द्यावा. ती एकदा बोलली आणि विसरली. मला मात्र सगळं आठवत होतं, आणि तरी मी प्रत्येक वेळी गप्प बसलो. काकूनं शिकवलेलं वाक्य मला सायकलवर पाठ झालं होतं, ते अजून पाठ आहे. तेव्हा माईकवरून म्हणायचं होतं. आता इथं लिहितो, ऐकायला ती नाही.

हे माझ्या काकूचं रडणं आहे. तिच्या लेकासाठी रडली होती ती, आमच्या शिवारात.